माफीचा सीन

नाटकापेक्षा तालमीतलेच किस्से जास्त साठतात बघा. त्यात आमचं पलूसचं मंडळ दर यात्रेला तेच ते नाटक करतं, आजोबांच्या काळातलं. मग काय, किस्से लोणच्यासारखे मुरतच जातात.

नाटकात नवरा बायकोवर संशय घेतो, घराबाहेर काढतो. ती बिचारी दोन अंक रडते आणि शेवटी त्याच्याच पाया पडून माफी मागते. चूक सगळी त्याची. पण गावात हा सीन लय फेमस.

मी त्यात सासू. आधी मुलाचे कान भरायचे आणि तिसऱ्या अंकात मरायचं, एवढंच काम. गेल्या वर्षी मी मेले आणि जोरात टाळी पडली. पहिली टाळी कुणाची, तर पुढच्या रांगेतल्या माझ्या सुनेची. घरी विचारलं, तर म्हणते, "आवं आत्या, किती खरं वाटत हुतं!"

नवऱ्याचं काम आमच्या सुभेदारांकडे. मिलिटरीतून रिटायर, आवाज असा की माइक नको. एकदा तालमीला त्यांची मंडळी सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. नेमका तेव्हाच डायलॉग होता, 'चालती हो माझ्या घरातून.' सुभेदारांनी बायकोकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "आप्पा, ह्यो डायलॉग चहा झाल्यावर म्हणतो."

आप्पा आमचे डायरेक्टर. पूर्वी बायकांची कामं पुरुषच करायचे, तेव्हा ही रडणारी बायको आप्पा व्हायचे. यंदा ते काम वैशालीकडं आलं. ती एसटीत कंडक्टर. तिनं विचारलं, "आप्पा, मी माफी नक्की कशाची मागायची?"

आप्पांनी बराच विचार केला. "काय म्हाईत न्हाई बाई. मी येवढी वर्सं मागितली, मला बी कुणी सांगितलं न्हाई."

सगळे हसले. वैशाली नाही हसली.

तिचं सासर आटपाडीचं. नवऱ्यानं असाच संशय घेऊन हात उगारला, तशी ती माहेरी निघून आली. तेव्हापासून तिची आई एकच धरून बसलेली, "जा, पाया पड, माफी माग, अन् नांदायला लाग." वैशाली मला म्हणाली, "काकी, स्टेजवर पडले तर आई म्हणंल, तितं जमतंय तर घरी का न्हाई?" मला फार वाईट वाटलं. पण बोर्ड लागले होते, आयत्या वेळी दुसरी बाई कुठून आणायची? शेवटी ती म्हणाली, "करते. फकस्त आईला येऊ नगं म्हणून सांगा."

सांगितलं. तरी आई आलीच.

सीन झाला. वैशाली पाया पडली, तिनं माफी मागितली, बायकांनी डोळ्याला पदर लावले. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं "वन्स मोअर" आला. आमच्याकडं वन्स मोअर आला की सीन परत करावाच लागतो, त्याला नाही म्हणत नाहीत. सुभेदार पुन्हा जागेवर ताठ उभे राहिले. वैशाली मात्र हलेना. डोळ्यांत खरंच पाणी. मी विंगेत, मेलेली, मी काय करणार?

बायकांच्या बाजूला तिची आई उभी राहिली. ही बाई चारचौघांत कधी तोंड उघडत नाही.

"एकदा पडली की ती," म्हणाली. "आता त्येला पडू द्या."

सुभेदारांनी डोक्यावरचा फेटा उतरवून खुर्चीवर ठेवला, आणि वाकले.

पुढचा वन्स मोअर बायकांच्या बाजूनं आला.