पस्तीस मिनिटांचा फ्रिज

शाळेत तिला मीटरबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण मागून म्हणताना आवाजही फारसा खाली आणत नसत. तिला त्याचा राग नव्हता. बापाच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात ती लहानाची मोठी झाली होती. तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता तिला अंक आले, अक्षरं मागाहून आली. अशा बाईला मीटरबाई म्हटलं तर त्यात वावगं काय?

ती तासिका तत्त्वावर होती. म्हणजे जेवढे तास शिकवील तेवढ्याचेच पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे तर नाहीतच. दर सत्राला मुख्याध्यापकांनी सही केली तर बाई शाळेत, नाही केली तर घरात. अकरा वर्षं ती सही होत आली होती. फ्यूज कसा बसवायचा, इस्त्रीची वायर नेमकी कुठे तुटते, असलं सगळं ती शिकवायची. पण तिचा जीव होता तो नववीच्या एका धड्यात. घरात वस्तू आणायची तर ती वीज किती खाईल आणि आणायला काय पडेल, ही दोन्ही अंगं ताडून कशी बघायची, तो धडा.

"उपकरण म्हणजे पाहुणा," ती सांगायची. "गीझर खादाड, पण अर्ध्या तासात हात धुऊन उठतो. फ्रिज नुसतं तोंड चाळवतो, पण मुक्काम ठोकतो पंधरा वर्षं. जास्त कोण खातो ते पानावर कळत नाही, मुक्काम संपल्यावर कळतं."

आणि पोरं हसून गप्प झाली की पुढचं सांगायची, "पण नुसतं खाणं बघू नका. जावई कमी खातो म्हणून लग्नात घर विकायचं का?"

नववीत एक मुलगी होती. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू व्हायचं, म्हणून पोरांनी तिला पणबाई करून टाकलं होतं. ज्या दिवशी घोटाळा झाला त्या दिवशीही ती बोलली होती. बाईंनी ऐकलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

झालं असं. शिक्षकांच्या खोलीत एक जुना फ्रिज होता, दार ढकलून बंद करावं लागे असला. बाईंनी प्लग आणि फ्रिज यांच्यामध्ये आपला छोटा मीटर लावला आणि वर्गाला भोवती उभं केलं. तास पस्तीस मिनिटांचा. पस्तीस मिनिटांत आकडा आला एका युनिटचा दोनशेवा भाग. दिवसात अशी पस्तीस मिनिटं एक्केचाळीस वेळा बसतात, म्हणून एक्केचाळीसनं गुणलं. मग तीनशे पासष्टनं. वर्षाला पंचाहत्तर युनिट.

"पण बाई," पणबाई म्हणाली, "हा मघापासून गप्प का आहे?"

"शहाणा आहे म्हणून," बाई म्हणाल्या, तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं पांगली.

फाटकापाशी एक फळा होता. येणाऱ्याजाणाऱ्या आईबापांच्या नजरेला पडावा म्हणून बाई आपल्या वर्गाचे निकाल तिथे लिहीत. त्या संध्याकाळी तिथे लिहिलं गेलं: आपला जुना फ्रिज वर्षाला पंचाहत्तर युनिट खातो. चौकातल्या दुकानातल्या नव्या मोठ्या फ्रिजच्या लेबलवर दोनशे पंचावन्न युनिट लिहिली आहेत. नवा म्हणजे चांगलाच, असं नाही.

आता चौकातलं दुकान कुणाचं? शाळेच्या समितीवर बसणाऱ्या गृहस्थांचं. त्यांनी शाळेला पंखे दिले होते आणि प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर आपलं नाव रंगवून घेतलं होतं. पंखा फिरू लागला की नाव दिसेना, म्हणून दुकानदार शाळेत आले की उकाड्यातही पंखे बंद करायचे, असा रिवाजच पडला होता. आता तर ते नवी प्रयोगशाळा देणार होते. जुनीचं छत गळत होतं, मुख्याध्यापकांनी बादल्या लावून दोन वर्षं काढली होती. त्यांचाही जीव टांगणीला होता, हे विसरून चालणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानदार आले. पंखे बंद झाले. बाईंना बोलावणं गेलं.

"मॅडम," दुकानदार खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "फ्रिजची मोटर चोवीस तास फिरते का हो?"

 बाकीचं ऐकायच्या आधीच बाईंना चूक कळली. थंडावा पुरेसा झाला की मोटर थांबते, उतरला की पुन्हा लागते. पस्तीस मिनिटांत नेमकी ती झोपलेली होती. झोपलेल्या माणसाचं खाणं मोजून त्यांनी वर्षाचा शिधा ठरवला होता. शेकड्यानं मोटारी गुंडाळल्या या हातांनी, आणि शाळेत अकरा वर्षं राहून सगळं जग पस्तीस मिनिटांच्या तुकड्यांत बघायची सवय लागली. फ्रिजला कुठली घंटा ऐकू येते?

"तीन गिऱ्हाइकं परत गेली माझी," दुकानदार म्हणाले. "शाळेच्या फळ्याचं नाव सांगून गेली."

"बाई, माफीचं पत्र द्या," मुख्याध्यापक म्हणाले. "आणि हा धडा आता बंद. सत्राची सही पुढच्या आठवड्यात आहे, वेगळं सांगायला नको."

"माफी देते सर," बाई म्हणाल्या. "धड्याचं नंतर बोलू."

"नंतर काय बोलणार?"

"जे आता बोलले तर रडू येईल ते."

घरी सासूबाई दाराशी बसून होत्या. सुनेच्या चपला कशा वाजतात त्यावरून त्या शाळेत काय झालं ते ओळखत.

"कुणी हाणलं तुला?" त्यांनी विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "म्हणजे चुकलीस."

"चुकले."

"तीस वर्षांत माझ्या लेकाला एकदा म्हणाली नाहीस हे."

"तो एकदा तरी बरोबर निघायला हवा होता ना, आई."

सासूबाई हसल्या नाहीत, पण पदर तोंडाशी नेला. "मग त्या दुकानदारापुढे नाक घासणार?"

"आकडा चुकला त्याबद्दल घासते. विचारलं त्याबद्दल नाही घासणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरं यायच्या आत बाईंनी फळा पुसला आणि आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलं: परवाचा निकाल चूक. फ्रिजची मोटर थांबून थांबून चालते, मी फक्त ती थांबलेली असतानाचं मोजलं. एका मुलीनं तेव्हाच शंका काढली होती, मी ऐकली नाही. दुकानदारांची माफी मागते. खाली सही केली. पणबाईला तो फळा वाचताना बघून बाईंना जरा बरं वाटलं. ती तीनदा वाचत होती.

मग बाई सरळ चौकात गेल्या. दुकानात काचेवर काच, थंडगार हवा, आणि रांगेनं उभे फ्रिज.

"माफी वाचली," दुकानदार म्हणाले. "मोठ्या मनाच्या आहात."

"मन राहू द्या. तुमचा तो मोठा फ्रिज दोन दिवस शाळेला द्या. आमच्या जुन्याशेजारी लावू. एक पूर्ण दिवस आणि रात्र मोजू. तुमचा जिंकला तर फळ्यावर तेही लिहीन."

दुकानदारांना आपल्या मालाची खात्री होती, आणि खरं सांगायचं तर ती खोटी नव्हती. "देतो की," ते म्हणाले. "पण माझा रिकामा ठेवायचा. दार उघडायचं नाही."

"मग तो फ्रिज कशाला, कपाट झालं," बाई म्हणाल्या. "दोघांत पाण्याच्या बाराबारा बाटल्या. शाळा चालू आहे तोवर दर तासाला दोघांची दारं एकेकदा उघडायची. शिपाई उघडेल, तो कुणाच्याच बाजूचा नाही. त्याला दोन्हीतलं पाणी आवडतं."

तसं झालं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला वर्ग जमला. जुन्यानं दिवसात एक युनिट आणि चार दशांश खाल्लं होतं, नव्यानं सात दशांश. अगदी निम्मं. दुकानदार मुद्दाम आले होते. त्यांनी पोरांकडे असं पाहिलं की जणू फ्रिज त्यांनीच जन्माला घातला होता.

"लिहा मॅडम," ते म्हणाले.

"लिहिते," बाई म्हणाल्या आणि लिहिलं: नवा फ्रिज निम्मी वीज खातो. दुकानदार खरं सांगत होते.

दुकानदारांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि निघाले. ते फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच पणबाई म्हणाली, "पण बाई, आणायला काय पडतं ते राहिलंच."

"राहिलंय कुठलं," बाई म्हणाल्या. "आता कुठे आलंय."

मग नव्यामुळे वर्षाला जेवढी युनिटं वाचतील त्यांचे पैसे पोरांनी काढले. फ्रिजच्या किमतीला त्यानं भागलं. उत्तर आलं सोळा. म्हणजे सोळा वर्षांनी पैसे वसूल. मोटारीची हमी दहा वर्षांची. दोन मुली चौकात जाऊन त्याच दुकानातल्या एका लहान फ्रिजच्या लेबलवरचे आकडे आणि किंमत उतरवून आल्या. तो दिवसाला आठ दशांश खायचा, मोठ्यापेक्षा घासभर जास्त, पण किंमत निम्मी. त्याचे पैसे सव्वानऊ वर्षांत फिटत होते. पोरांनी ते दोन्ही फळ्यावर चढवलं: घरात माणसं कमी असतील तर दुकानातला लहान फ्रिज घ्या. मोठ्याची बचत सोळा वर्षांनी हातात येते. जुना चालत असेल तर दाराचं रबर बदलून आधी मोजून बघा.

दुसऱ्या सकाळी पुन्हा पंखे बंद. मुख्याध्यापकांच्या टेबलावर सत्राचा कागद होता, दुकानदार शेजारच्या खुर्चीत.

"वरची ओळ राहू द्या," दुकानदार म्हणाले. "खालच्या पुसा. अर्धा फळा पुरे."

"अर्धा फळा म्हणजे अर्धं खोटं," बाई म्हणाल्या. "मी परवा अर्धंच मोजलं तेव्हा तुम्हीच तर मला शिकवलंत."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, प्रयोगशाळा जाईल हो. पोरांच्या डोक्यावर पाणी गळतंय."

"मला दिसतं सर. बादल्या मीच उचलते." बाईंचा आवाज जरा खाली आला, पण मान नाही. "पण ज्या प्रयोगशाळेसाठी मोजलेलं पुसावं लागतं, तिथे पोरं काय मोजणार?"

"मग हा तास मला काढावा लागेल."

"काढा. नियमात आहे, तास काढला तर कारण लिहून द्यायचं. लिहा."

मुख्याध्यापकांनी पेन उचललं. "चुकीची माहिती दिली," ते म्हणाले.

"कुठली ओळ चूक? चुकलेली मी स्वतः पुसली, खाली सही आहे."

"समितीच्या सदस्यांचा अवमान."

"त्यांच्याच दुकानातला फ्रिज घ्या असं लिहिलंय. आणखी मान कसा द्यायचा?"

"अभ्यासक्रमाबाहेर शिकवलं."

"पुस्तकाचं पान बावन्न. वस्तू निवडताना खर्च आणि वीज. चित्रही आहे."

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच निळा ठिपका मोठा होत राहिला. दुकानदार वैतागून म्हणाले, "अहो, काहीतरी लिहा की. भागाकार जास्त केला, असं लिहा."

मुख्याध्यापकांनी पेन ठिपक्यावरून उचललं. माणूस वाईट नव्हता. तिसेक वर्षं गणित शिकवूनच तो या खुर्चीत बसला होता. "हे मी लिहितो," ते म्हणाले, "पण सांगितलंय तुम्ही, तर खाली सही तुमची."

दुकानदारांनी घड्याळ पाहिलं. त्यांना दुकान उघडायचं होतं.

"कारण सापडलं की पाठवा," बाई म्हणाल्या. "मी वर्गावर आहे."

फळा कुणी पुसला नाही. पावसानं अक्षरं फिकी झाली तेव्हा पोरांनीच पुन्हा गिरवली. प्रयोगशाळेचं पुढे काही ऐकू आलं नाही. बादल्या मात्र एक वाढली.

सत्राचा कागद चार दिवसांनी आला. सही होती. बाकीचे सगळे तास होते, नववीचा तेवढा छाटलेला होता. कारणाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. बाईंनी तो कागद शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचला. मग पेन काढलं आणि त्या रेघेखाली आपल्या ठसठशीत, लहानपणी दुकानाच्या पावत्यांवर शिकलेल्या अक्षरांत लिहिलं: रेघ म्हणजे कारण नव्हे. तास घेत आहे.

कागद शिपायाच्या हाती मुख्याध्यापकांकडे परत पाठवला, मीटर पिशवीत टाकला आणि नववीच्या वर्गात गेल्या. त्या दिवशी कपडे धुण्याचं यंत्र होतं, गरम पाण्यावर आणि गार पाण्यावर. एक धुणं पुरं व्हायला सव्वा तास लागत होता. बाईंनी पोरांना सांगितलं की आज कुणी मध्येच उठायचं नाही.