रोट्टीवाली अक्का

"ही रोट्टीची मिळकत तुम्हीच लिहिलीय ना?" रिसीव्हरनं रिटर्नची प्रत माझ्यापुढे सरकवली. सही मारुतीरावांची होती, अक्षर माझं. नाही म्हणायची सोयच नव्हती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. कोप्पीकर रोडवर एका जिन्याखाली टेबल टाकून मी इन्कम टॅक्सची कामं करायचो. मारुतीराव जुन्या हुबळीतले, कारखान्यात फिटर. मेव्हण्याच्या दुकानासाठी बँकेत जामीन राहिले. मेव्हणा कुलूप लावून पसार झाला आणि देणं यांच्या गळ्यात पडलं. शेवटी कोर्टात नादारी मागितली. नादारी म्हणजे देणं फेडायची ऐपत नाही, हे कोर्टाकडून ठरवून घेणं. मग कोर्ट एक रिसीव्हर नेमतं. तो नादाराची मिळकत ताब्यात घेऊन घेणेकऱ्यांत वाटतो. पगारातला काही हिस्सा तेवढा कायदा घराला सोडतो.

मारुतीरावांची बायको खानावळींना ज्वारीच्या कडक रोट्ट्या करून द्यायची. जामिनासाठी बँकेला जास्त मिळकत दाखवायची होती, म्हणून मी तिची कमाई नवऱ्याच्या रिटर्नमध्ये घातली. घरकर्त्याच्या नावावर सगळं, हीच आमची पद्धत. कुणालाच वावगं वाटलं नाही. आता तीच कमाई मारुतीरावांची ठरून रिसीव्हरकडे जाणार होती. उरलेल्या पगारात एक तर भाडं, नाही तर मुलींची शाळा. थोरलीला शाळेतून काढायचं घरात ठरतही आलं होतं.

आधी सोपं काम केलं. त्या वर्षी बजेटनं पगारदारांची वजावट वाढवली होती, पण कारखान्याचं ऑफिस जुन्याच हिशोबानं टॅक्स कापत होतं. "वर्षाअखेरीला रिफंड मागा की," तिथले हेडक्लार्क म्हणाले.

"रिफंड आला तर तो रिसीव्हरकडे जाईल, साहेब. कापणंच थांबवा."

त्यांनी कुरकुरत आकडे पुन्हा मांडले. पुढच्या पगाराला टॅक्स कापला गेला नाही. रिसीव्हरचा महिन्याचा हिस्सा कोर्टानं बांधून दिलेला होता, त्यामुळे वाचलेले पैसे घरी गेले. भाड्याची सोय झाली.

रोट्टीचं मात्र अडलं. मी घरी जाऊन सगळं सांगितलं. वहिनी चुलीपुढून उठल्या नाहीत.

"अण्णा, पीठ मी मळायचं, हात मी भाजून घ्यायचे, आणि कागदावर नाव यांचं?"

मी पिशवीतून कागद-पेन काढलं. 

"तुमच्या कमाईचा काही पुरावा आहे?"

"बसप्पांच्या खानावळीत वही आहे की. दहा वर्षांची."

बसप्पांनी वही आनंदानं काढून दिली. प्रत्येक पानावर कन्नडमध्ये एकच शब्द होता, अक्का. पुढे रोट्ट्या किती, पैसे किती. वही आणि बसप्पांना घेऊन मी रिसीव्हरकडे गेलो. रिसीव्हरनं चष्मा वर केला.

"ई अक्का यारु? कोण ही अक्का? हुबळीत बायको सोडली तर सगळ्या अक्काच असतात."

बसप्पा ताठ उभे राहिले. "रोट्टी आणते ती अक्का. पैसे मी तिच्या हातात देतो. मारुतीला एकदा द्यायला गेलो, तर त्यानं घेतले नाहीत. अक्काचे आहेत, तिलाच द्या म्हणाला."

"आणि रिटर्न?" रिसीव्हर माझ्याकडे वळले.

"चूक माझी आहे. तसं लिहून देतो."

लिहून देताना लाज वाटली, खोटं कशाला सांगू. गिऱ्हाइकं तुटतील ही भीतीही होती. शपथपत्रात वहिनींचं पूर्ण नाव लागणार होतं, आणि इतक्या वर्षांच्या घरोब्यात ते मला माहीतच नव्हतं. विचारून घेतलं. पार्वती मारुती जाधव.

कोर्टानं रोट्टीची कमाई तिची मानली. तिचं रिटर्न वेगळं केलं, तर ती कमाई टॅक्स लागण्याइतकी भरतच नव्हती. थोरली शाळेत राहिली. गिऱ्हाइकं काही तुटली नाहीत. दोन तर वाढली, आणि दोघांनाही बसप्पांनीच धाडलं होतं.

तेव्हापासून फाइल उघडताना मी आधी विचारतो, घरात कमावतं कोण? घरकर्ता कोण, ते मागनं.

महिन्याभरानं वहिनी जिन्याखाली आल्या. रोट्ट्यांची चळत टेबलावर ठेवली आणि पदराच्या गाठीतून फीचे पैसे काढले.

"वहिनी, राहू द्या. चूक माझीच होती."

"चुकीचे नाहीत देत. कामाचे देते." त्या समोरच्या स्टुलावर बसल्या. "पावती करा. अक्का लिहू नका. पूर्ण नाव लिहा."