आतून ‘ये’ म्हणेपर्यंत

नोएलानी आंटी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अळूचे देठ सोलत होते. खाजऱ्या हातांनी फोन धरला, ‘ओके’ म्हटलं आणि पुन्हा सोलायला लागले. रडायलाही अंगात त्राण लागतं... होनोलुलूत अळू मिळतं, हे मला दाखवलं ते आंटींनीच.

नवऱ्याच्या प्रोजेक्टपायी आम्ही नागपूरहून इथे आलो, तेव्हा मुक्ता तीन वर्षांची होती आणि तोंडातून शब्द नाही. जो तो सांगे, “घरात मराठी बंद करा, कन्फ्यूज होतेय ती.” पोटच्या पोरीशी परक्या भाषेत बोलून संध्याकाळपर्यंत माझा जीव आंबून जायचा. आंटींची बालवाडी चर्चच्या हॉलमध्ये भरे. मूल एकटं घेत नसत. घरातलं मोठं माणूस बरोबर हवंच. रोज दाराबाहेर चपला काढून सगळ्यांनी हवाईयन भाषेत, सूर लावून, आत येऊ का म्हणून विचारायचं. आतून आंटींनी गाऊन ‘या’ म्हटल्यावरच पाऊल टाकायचं. त्याआधी एकेका घरानं आपल्या भाषेतही तेच विचारायचं. पहिल्या दिवशी मी इंग्लिशमध्ये पुटपुटले.

“ही तुझ्या आईची भाषा?” आंटींनी विचारलं.

“नाही.”

“मग तू कुणाची, हे मला कसं कळणार?”

त्या दिवसापासून आम्ही ‘येऊ का आत?’ म्हणू लागलो आणि घरातही मराठी परतली. एकदा अळूचं रोप दाखवून आंटी मुलांना म्हणाल्या, हवाईच्या जुन्या कथेत हा माणसाचा थोरला भाऊ. मी म्हटलं, “आमच्याकडे थोरल्याला बेसन फासून, गुंडाळून तळतात!” आंटी पोट धरधरून हसल्या. “उद्या घेऊन ये त्याला.” दुसऱ्या दिवशी डब्याकडे बोट करून मुक्ता म्हणाली, “वडी.” तिचा पहिला शब्द. मी तिथेच चटईवर बसून ढसाढसा रडले.

आता मुक्ता शाळेत जाते आणि माझ्या मराठीला इंग्लिशमध्ये उत्तर देते. मी वाद घालत नाही, दमलेय. ती वडी आंटींसोबतच गेली की काय, असं हल्ली सारखं वाटतं.

गेल्या आठवड्यात आंटींच्या चटया आवरायला आम्ही दोघी हॉलवर गेलो. मुक्तानं दाराबाहेर चपला काढल्या आणि रिकाम्या हॉलला विचारलं, “येऊ का आत?”

“चल गं, कुणी नाहीये.”

ती हलेना. “वेट, आई. आंटीनं अजून ‘ये’ नाही म्हटलं.”

मी आत गेले. आंटी बसायच्या त्या खिडकीपाशी उभी राहिले. सूर लागला नाही. नुसतंच म्हटलं, “ये गं... ये.”