कानातली शिट्टी आणि छप्पन्न मात्रा

"ट्यूबरक्युलोसिस," डॉक्टर म्हणाले आणि एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवू लागले. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या बाजूला पिंजलेल्या कापसासारखं पांढरं काही होतं. ट्यूबरक्युलोसिस म्हणजे क्षय. आमच्या ताथवड्यात तो शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नसे. मला एवढंच सुचलं, "पखवाज कधी वाजवता येईल?"

"आधी जगा. मग बघू," डॉक्टर म्हणाले.

मी पिंपरीच्या औषध कारखान्यात बाटल्या धुण्याच्या कामाला होतो. तिथे पेनिसिलिन तयार होई. गावाला वाटे, विहिरीवर बसलेल्याला तहान कसली? पण पेनिसिलिन क्षयावर चालत नाही. आपलाच माल आपल्या कामाचा नाही हे कळल्यावर मला रागच आला. कोणाचा, ते आजही सांगता येत नाही.

छातीच्या दवाखान्यात दाखल झालो. उपचाराचा मोठा भाग म्हणजे पडून राहणं. चालायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. रोज कमरेत स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, म्हणजे क्षयाचे जंतू मारणारं औषध. त्याच्या जोडीला पीएएस, ही तोंडाने घ्यायची पूड, पोट ढवळून काढणारी. दुखण्याने माणूस थकतो हे ठाऊक होतं. नुसतं पडूनही थकतो, हे तिथे कळलं.

मी छातीवर बोटांनी ठेका धरी. डॉक्टरांनी तेही बंद केलं. शेजारच्या खाटेवर मणीअण्णा होता. आमच्याच कारखान्याच्या ऑफिसातला टायपिस्ट, तंजावरकडचा, पण ओळख झाली ती इथे. त्याचे वडील मृदंग वाजवत. तो माझ्याकडे बघून कुजबुजला, "छातीवर हात नको. तोंड. तोंड पण हळू."

त्याला ते लोक कोन्नकोल म्हणतात. वाद्य नाही, बोल तोंडाने म्हणायचे आणि हाताने ताल मोजायचा. टाळी, मग करंगळीपासून तीन बोटं, मग टाळी आणि उलटा हात, पुन्हा टाळी आणि उलटा हात. झाल्या आठ मात्रा. मी म्हटलं, एवढंच ना? वडील गेल्यावर गावच्या भजनात पखवाज माझ्याच मांडीवर होता, तेव्हा थोडी मिजास होतीच.

ती दोन दिवसांत उतरली. हाताने आठ मोजायचे आणि तोंडाने सात म्हणायचे, तकिट तकधिमि, तकिट तकधिमि. दरवेळी बोल एक मात्रा आधी संपतो आणि जीव कासावीस होतो. आठ वेळा सात म्हटले की छप्पन्न होतात, तेव्हा कुठे हात आणि तोंड समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, भेटतात. मी मध्येच हरवून हात सोडून देई. मणीअण्णा म्हणे, "तोंड चुकेल, चालेल. हात थांबायचं नाही."

तिसऱ्या महिन्यात कानात शिट्टी सुरू झाली. भरल्या वॉर्डात कोणीतरी स्टोव्ह पेटवून ठेवल्यासारखी. उठलो की जमीन कलायची, संडासापर्यंत भिंत धरून जाई. सिस्टर रोज विचारत, "काही त्रास?" मी रोज म्हणे, "काही नाही." खोकला कमी होत होता, वजन चढत होतं. इंजेक्शन बंद केलं तर मरेन, ही भीती. आणि पखवाजी बहिरा झाला हे स्वतःच्या तोंडाने सांगायची लाज.

रविवारी बायको यायची, दाराशी उभी राहून बोलायची. एकदा मी तिच्याकडे बघून नुसता हसत राहिलो. ती म्हणाली, "अवो, म्हस आटली म्हून सांगतीया, हसताय काय?" हे तिने मागाहून सांगितलं. त्या दिवशी तिला वाटलं, माणूस आजारपणाने भ्रमिष्ट झाला.

मणीअण्णाला मात्र कळलं. त्याचे ओठ दिसले की माझा बोल बरोबर येई, कूस बदलली की चुके. एकदा त्याने मुद्दाम तोंडापुढे पंचा धरला. माझा बोल तिथेच तुटला. त्याने पंचा खाली केला आणि म्हणाला, "तुला ऐकू येत नाही."

मी हात जोडले. म्हटलं, अण्णा, सांगू नको. त्याने दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टरांनी घड्याळ कानाजवळ धरलं. उजव्या कानाला टिकटिक आलीच नाही, डाव्याला अगदी पुसट. जवळ येऊन, सावकाश म्हणाले, "हे औषध कानाच्या नसेला इजा करतं. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं राखू." इंजेक्शन बंद झालं. पूड चालू राहिली, नव्या गोळ्या आल्या. मी विचारलं, आधी सांगितलं असतं तर? "जास्त उरलं असतं."

राग मात्र मी मणीअण्णावर काढला. उलट्या काळजाचा माणूस. भिंतीकडे तोंड केलं आणि आठवडाभर बोललो नाही.

एका सकाळी माझ्या खाटेच्या लोखंडी दांड्यावर ठोके जाणवले. ऐकू आले नाहीत, पाठीला लागले. सात, आणि पुन्हा सात, प्रत्येक साताचा पहिला ठोका जोराचा. चिडवतोय मेला, असं वाटलं. तरी माझी बोटं पांघरुणात आठ मोजू लागली होती. एकोणपन्नास झाले आणि ठोके थांबले. शेवटचे सात मी मनात म्हटले, समेवर आलो, तरी ताठ्याने आणखी थोडा वेळ तसाच पडून राहिलो आणि मग वळलो.

त्याच्या खाटेवरची गादी गुंडाळलेली होती. त्याचा भाऊ येऊन त्याला मद्रासकडच्या दवाखान्यात घेऊन गेला होता, ऑपरेशनसाठी. सिस्टर जवळ येऊन म्हणाल्या, "बराच वेळ तुमच्याशी बोलत उभे होते. तुम्ही वळला नाहीत." तो काय बोलला, ते त्यांना समजलं नव्हतं. त्याच्या भाषेत बोलला असावा.

मी वाचलो. थुंकीत जंतू दिसेनासे झाल्यावर घरी सोडलं, काही काळाने कामावरही घेतलं. भजनाला बसतो. टाळकऱ्यांचे टाळ हलताना दिसतात, आवाज येत नाही. पण पखवाजाची डावी बाजू मांडीत घुमते आणि तेवढ्यावर मी वाजवतो. हात थांबवत नाही. मद्रासला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. मी त्याचा ऋणी आहे, हे त्याला कळलं असेल की नाही, कोण जाणे.

तुमच्यापैकी कोणाला हे इंजेक्शन चालू असेल आणि कानात शिट्टी वाजली, तर त्याच दिवशी सांगा. आणि कोणावर कितीही रागावलात, तरी भिंतीकडे तोंड करून पडू नका.