आठ दिवसांत परत, कारण विचारणार नाही

रेडिओच्या दुकानात दहा वर्षं काढली की दुरुस्ती येवो न येवो, किस्से मात्र ढीगभर जमतात. आजही जुन्या पेटीत स्क्रू शोधायला जातो आणि हाताला किस्साच लागतो!

अकोल्याला जठारपेठेत वामनरावांचं दुकान होतं आणि मी तिथला मेकॅनिक. साठ सालच्या आसपास वामनरावांनी दारावर बोर्ड लावला : 'रेडिओ पसंत नसेल तर आठ दिवसांत परत. कारण विचारणार नाही.' अख्ख्या बाजारात असं कुणी करत नव्हतं. भागीदार म्हणजे त्यांचे सख्खे मेव्हणे, गजाननराव. ते बोर्ड वाचून हादरलेच.

"भाऊजी, दुकान बुडवून राह्यले तुमी! दिवाळीपर्यंत पाच सेट वापस आले, का मी सोता हा बोर्ड उतरवतो!"

"कबूल," वामनराव म्हणाले.

मला त्या बोर्डाचा भारी अभिमान. उतरला असता तर मला रडू आलं असतं, खोटं कशाला सांगू? तेव्हापासून परत येणारा एकेक सेट मी मनात मोजायचो.

* * *

पहिला सेट दुसऱ्याच दिवशी आला. एका गावचे पाटील घेऊन आले. "बोलतच नाही," म्हणाले.

"काय झालं हो?" माझ्या तोंडून गेलं. वामनरावांनी डोळे वटारले.

"कारन इचारनार नाही म्हनता ना? मंग झालं!" पाटील म्हणाले आणि लगबगीनं निघून गेले.

मी मागचं झाकण उघडलं. आत हळदकुंकू, पाणी आणि खोबऱ्याचा तुकडा! नव्या वस्तूची पूजा झाली होती. त्या दिवसापासून वामनराव प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचे, "नारळ अंगणात फोडा."

* * *

अमरावतीचे एक वकील एसटीनं सेट मांडीवर घेऊन आले. "बिघाड काहीच नाही. तरीही कायद्यानं मला..."

"ठेवा. घेतला परत."

"अहो, माझा मुद्दा तर ऐका!"

"गरजच नाही."

वकीलसाहेबांचा चेहरा पडला. "दोन दिवस तयारी केली होती हो मी!"

वामनरावांना दया आली. त्यांनी चहा मागवला आणि सगळे मुद्दे ऐकून घेतले. अर्धा तास! शेवटी म्हणाले, "पटलं." वकीलसाहेब इतके खूश झाले, की सेट उचलून पुन्हा अमरावतीला घेऊन गेले.

तो मी मोजला नाही.

* * *

मग एक गुरुजी. आठव्या दिवशी सेट परत आणायचे, दुसरा न्यायचे. "तुलना करून राह्यलो," म्हणायचे. असे तीन सेट परत आले. पाटलांचा धरून चार! गजाननराव खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरायला लागले.

चौथा सेट मात्र गुरुजींनी ठेवून घेतला. मुद्दाम सांगायला आले, "हा खरा रेडिओ! नाहीतर तो पैला, नुसता खरखरत होता!"

चौथा म्हणून नेला, तो पहिलाच सेट होता.

* * *

आणि दिवाळीच्या तोंडावर माझीच चूक बाहेर आली. शोकेसमध्ये सेट झळकावा म्हणून मी एकाच्या डायलमागे मोठा बल्ब बसवला होता. तो काढायचा विसरलो आणि सेट अकोटच्या सरूबाईंना विकला गेला.

सातव्या दिवशी सरूबाई बहिणीला घेऊन दुकानात आल्या. सेट लुगड्यात गुंडाळलेला. सोडला तर डायलच्या पट्टीवर हा एवढा तपकिरी डाग! बल्बच्या आचेनं पट्टी करपली होती.

पाचवा! गजाननराव लगेच स्टुलावर चढले आणि बोर्डाचा एक स्क्रू काढलासुद्धा. मी वामनरावांना सांगून टाकलं, "चूक माझी आहे."

वामनराव शांतपणे म्हणाले, "मावशी, नवा सेट घेऊन जा. कारण सांगू नका."

"वापस कोन करून राह्यलं?" सरूबाईंनी सेट जवळ ओढला. "माही लेक नागपूर स्टेशनवरून गाते, भाऊ. मले वाचता येत नाही. काटा हालला, का नागपूर सापडेच ना. आता डागावर आनला का लेक गाते!"

"मंग आनला काहून?" गजाननरावांनी स्टुलावरूनच विचारलं.

"नमुन्याले! हे माही बहीन. इलेबी वाचता येत नाही. इलेबी एक रेडिओ द्या, पन त्याच्यावर डाग बराबर याच जागी पाह्यजे!"