काचेचा दरवाजा

माझ्या परीक्षेचं केंद्र चिंचवडच्या त्या जुन्या इमारतीत आलं. एके काळी इथे एका कंपनीचं मुख्य ऑफिस होतं; ती कंपनी आता गेली. जिन्यात फिनेलचा वास आला आणि मी थबकले.

आई इथे सफाईला होती. मी लहान असताना एका रविवारी तिने मला गुपचूप आत आणलं. मी हट्ट केला म्हणून दरवाजा उघडायचं स्वतःचं कार्ड माझ्या गळ्यात घातलं आणि पाणी आणायला बाहेर गेली. काचेचा दरवाजा तिच्यामागे आपोआप बंद झाला. कार्ड टेकवायची जागा माझ्यापेक्षा उंच होती.

"उडी मार बाई, रडू नगं. कुणी बघितलं तर काम जाईल माझं," आई फटीतून म्हणाली. बोलताना ती सारखी मागे बघत होती.

खूप उड्यांनंतर हिरवा दिवा लागला.

आता तो दरवाजा वीट लावून उघडा ठेवलाय. तरी आत शिरताना मी मागे वळून पाहिलं.