खंडोजीअण्णा मागे बसत नसत

परवाना मिळालेल्या माणसाला पुन्हा मोटारसायकल शिकवायची, हा उद्योग आमच्या बेंगळूरात माझ्या माहितीत फक्त खंडोजीअण्णा करत. लोकांच्या मते तो रिकामटेकडेपणा होता. माझंही मत तेच होतं आणि ते मी त्यांच्या तोंडावर बोलून दाखवलं होतं. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

खंडोजीअण्णा गवीपूरला राहत. फौजेत तीन वर्षं मोटारसायकलवरून निरोप आणि कागद पोचवायचं काम त्यांनी केलं. लढाईत त्यांना साधं खरचटलंही नाही. उजवा पाय मोडला तो घरी परतल्यावर, सेहेचाळीसच्या जानेवारीत. त्या दिवशी गाडी चालवत होते माझे गुंडूकाका, वडिलांचे एकुलते एक भाऊ. काकांना सकाळीच परवाना मिळाला होता. त्या आनंदात मित्राला मागे बसवून ते सर्जापूरच्या रस्त्याला निघाले. वाटेत रस्त्यावर रागी पसरलेली होती. नाचणीला आम्ही रागी म्हणतो. सुगी झाली की इकडचे शेतकरी तिची कापलेली ताटं सरळ रस्त्यावर अंथरतात. बस-लॉऱ्या वरून गेल्या की दाणे आपोआप सुटतात. मळणीचे कष्ट वाचतात खरे, पण दुचाकीखाली ते काड भलतंच निसरडं होतं. काकांनी घाबरून ब्रेक दाबला. काका जागीच गेले, खंडोजीअण्णा लंगडे झाले, आणि त्यानंतर त्यांनी कुणाच्या मागे बसणं सोडलं.

पाय जमिनीवर टेकता यायला लागला तसे ते केंपांबुधी तळ्याकाठच्या मैदानात उभे राहू लागले. ज्यांच्या खिशात कोरा परवाना आहे अशांना ते तिथे बोलावत. दहांतले आठ हसून निघून जात. उरलेल्या दोघांवर ते रोज सकाळी घसा कोरडा करत.

सत्तावन सालच्या अखेरीस मला एका औषध कंपनीत नोकरी मिळाली. आनेकल, होसूर, सर्जापूर या भागातल्या डॉक्टरांना भेटायचं, तेही स्वतःच्या मोटारसायकलवरून, आणि दहा जानेवारीला रुजू व्हायचं. फौजेच्या लिलावातली एक जुनी बीएसए मिळाली. परवानाही मिळाला. इन्स्पेक्टरसाहेबांनी झाडाच्या सावलीत उभं राहून मला आठचा आकडा काढायला लावला, हाताच्या दोन-चार खुणा विचारल्या आणि घड्याळ बघत सही ठोकली. माझा आतेभाऊ रघुपतीही त्याच दिवशी पास झाला.

अप्पांनी, म्हणजे माझे वडील हयवदनराव यांनी, गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "खंडोजी 'सरी', ठीक आहे, म्हणेल त्या दिवशी गावाबाहेर जायचं," ते म्हणाले. "तोवर नोकरी गेली तर गेली."

रघुपतीला हे कळल्यावर त्याने पोट धरधरून हसून घेतलं. मॅट्रिक पास झाल्यावर पुन्हा बालवर्गात बसणारा मी पहिलाच, असं तो गल्लीभर सांगत सुटला. त्याने कधी कुणाची शिकवणी लावली नाही, आणि खरं सांगायचं तर जन्मात तो एकदाही पडला नाही. आजही तो मला तेच ऐकवतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही. त्याच्या वाटेला ती रागी कधी आली नाही, एवढंच मनातल्या मनात म्हणतो.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, खंडोजीअण्णा वेगाबद्दल काहीतरी सांगतील. त्यांनी माझ्या गाडीकडे पाठ केली आणि ते लंगडत चालू लागले.

"माझ्या मागून ये. पाय टेकायचा नाही. निधान, स्वल्प निधान. हळू, जरा हळू."

लंगड्या माणसाच्या चालीने मोटारसायकल चालवून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी नऊ वेळा पाय टेकला. त्यांची बायको रत्नाबाई तळ्यावरून कपडे धुऊन येत होती. "एवढं इंजिन कशाला रे फुकट तापवतोस? चालतच ये की," ती म्हणाली. मैदानातले सगळे हसले. खंडोजीअण्णा हसले नाहीत. ते वळले आणि पुन्हा पहिल्या टोकाकडे चालू लागले.

आठवड्याभराने त्यांनी मागच्या सीटवर रागीचं भरलेलं पोतं आवळून बांधलं. मागे माणूस असला की गाडी कशी वेगळी वागते ते कळायला हवं, म्हणून. त्या पोत्याला ते 'गौडरु', म्हणजे पाटील, म्हणत. "गौडरांना धक्का लागता कामा नये," असं बजावून मग मला सोडत.

"पोत्यापेक्षा तुम्हीच बसा की, अण्णा," मी एकदा म्हणालो.

"मी सरी म्हणतो," ते म्हणाले, "मागे बसत नाही." आणि पोत्याची गाठ पुन्हा एकदा ओढून बघू लागले.

शेवटचा धडा काडाचा. मैदानात रागीचं काड वीतभर जाड अंथरायचं आणि त्यावरून गाडी काढायची. काड येण्याआधीच वेग उतरवायचा. काडावर ब्रेक नाही, हँडल वळवायचं नाही, हात सैल, नजर पलीकडच्या मोकळ्या जमिनीवर. ऐकायला सोपं आहे. पण चाक काडावर सरकलं की माझी बोटं आपोआप ब्रेककडे जात, आणि तीस पावलांवरून खंडोजीअण्णा ओरडत, "बोट गेलं!" असं दोन आठवडे चाललं. मी रात्री स्वप्नातसुद्धा 'बोट गेलं' ऐकायचो.

नऊ जानेवारीच्या सकाळी मी पाच वेळा काडावरून गेलो. चार वेळा बोट गेलं नाही. पाचव्यांदा गेलं.

"अजून नाही," ते म्हणाले.

माझा संयम सुटला. दुसऱ्या दिवशी नोकरीवर हजर व्हायचं होतं. "मला परवाना सरकारनं दिलाय," मी ओरडलो. "तुम्ही कोण नाही म्हणणारे?"

खंडोजीअण्णा शांतच होते. "सरकारनं गुंडूलाही दिला होता," ते म्हणाले आणि काड गोळा करायला वाकले.

मी घरी आलो आणि अप्पांना सांगितलं, "खंडोजीअण्णांनी सरी म्हटलं." आयुष्यात अप्पांशी मी इतकं उघड खोटं कधी बोललो नव्हतो. अप्पा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग आत जाऊन दोन लिंबं घेऊन आले. दहा तारखेला सकाळी ती त्यांनी स्वतः गाडीच्या चाकांखाली ठेवली. मी ती चिरडून निघालो तेव्हा ते फाटकात उभे होते. कोपऱ्यावरून मी मागे वळून पाहिलं नाही, माझी हिंमतच झाली नाही.

कोरमंगला मागे पडलं. अगर गाव ओलांडलं, दोन्ही बाजूंनी कापणी झालेली शेतं लागली. पुढे एका वळणावर गाडी वळवून सरळ करतो न करतो, तोच रस्ता संपूर्ण पिवळा दिसला. रागी! आणि तिच्या मधोमध एक म्हातारी वाकून ताटं उलटीपालटी करत होती.

वेग उतरवायला जेमतेम चार हात जमीन होती, तेवढ्यात उतरवला. मग काड. मागचं चाक एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे. मी म्हातारीकडे पाहिलं नाही. तिच्या शेजारी जी मोकळी पट्टी होती, तिच्या पलीकडच्या डांबराकडे पाहत राहिलो. बोटं जिथल्या तिथे होती. तिचं लुगडं माझ्या गुडघ्याला घासून गेलं. ती सरळ उभी राहिली आणि मागून म्हणाली, "निधान होगप्पा." हळू जा रे बाबा, एवढंच. कुणाही घाईने चाललेल्याला म्हणावं तसं.

पुढे चिंचेखाली गाडी लावली आणि मी खाली बसलो. गुंडूकाकांकडेही माझ्यासारखाच परवाना होता, हा एकच विचार डोक्यात फिरत होता. मला रडू आलं. सर्जापूरच्या डॉक्टरांकडे मी त्या दिवशी गेलो नाही. शेताच्या बांधावरून गाडी ढकलत रागीला वळसा घातला आणि थेट गवीपूर गाठलं.

खंडोजीअण्णा पायरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, अप्पांशी खोटं बोललो तेही. शिव्या खायच्या तयारीनेच गेलो होतो.

"बोट गेलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"म्हातारी?"

"तिला काही झालं नाही."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी मला रागी दुरूनच दिसली होती, प्राणेशा. गुंडूला सांगायला हवं होतं. पण त्याला सकाळीच परवाना मिळालेला, किती खुशीत होता. त्याला आता कशाला शिकवायचं, म्हणून मी तोंड बंद ठेवलं."

बारा वर्षं रोज मैदानात ओरडणारा हा माणूस कुणाला ओरडत होता, ते मला त्या पायरीपाशी समजलं.

ते उठले आणि गाडीपाशी गेले. रत्नाबाईने आतून विचारलं, "पोतं देऊ का?"

"बेडा, नको," ते म्हणाले. "आज गौडरांना सुट्टी."

त्यांनी मोडका पाय हाताने उचलून सीटवरून पलीकडे टाकला आणि माझे खांदे धरले. "चल. रायरांकडे, तुझ्या अप्पांकडे."

गवीपूर ते चामराजपेटातलं आमचं घर, अंतर ते काय! पण त्यांची बोटं माझ्या खांद्यांत रुतली होती आणि ते सगळा वेळ थरथरत होते. लढाईतून सुखरूप आलेला हा माणूस मोटारसायकलला भीत होता, आणि तरीही रोज सकाळी उठून तिच्यापाशी जात होता. त्यांच्याएवढा धीराचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी गाडी इतकी हळू चालवली की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला.

अप्पा अजून फाटकातच होते. त्यांनी मला पाहिलं, मग मागे कोण बसलंय ते पाहिलं, आणि चप्पल न घालताच रस्त्यावर आले.

"सरी म्हणालास म्हणे?" त्यांनी विचारलं.

"काल नव्हतो म्हणालो," खंडोजीअण्णा म्हणाले. "आत्ता म्हणतो."

अप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यांनी खंडोजीअण्णांचा मोडका पाय दोन्ही हातांनी धरला आणि त्यांना सावकाश खाली उतरवलं.